काकवी, शिंदी आणि खजुराचा पाक : नीरा खोऱ्यातील पातळ गोडीचा आढावा

साखरेला पर्याय म्हणून ‘नैसर्गिक’ या विशेषणासह जे पदार्थ गेल्या काही वर्षांत शहरी दुकानांत दिसू लागले आहेत, त्यांत खजुराच्या पाकाला मोठे स्थान मिळाले आहे. पिकलेल्या खजुराच्या बिया काढून गर गरम पाण्यात भिजवायचा, तो कुस्करून रस गाळून घ्यायचा आणि मधाइतका दाट होईपर्यंत आटवायचा, एवढीच त्याची मूळ कृती आहे. आणि साखर कारखान्यातील शुद्धीकरणाच्या टप्प्यांतून तो गेलेला नसतो, हा त्याच्या बाजूने केला जाणारा मुख्य युक्तिवाद आहे. पुणे जिल्ह्यात नीरा नदीच्या खोऱ्यातील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत मात्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. उसाच्या रसापासून होणारी काकवी आणि शिंदीच्या झाडातून निघणारी नीरा असे पातळ गोडीचे दोन पदार्थ येथे आधीपासून परिचयाचे आहेत, आणि या तालुक्यांच्या क्षारयुक्त जमिनी खजुराच्या झाडालाही सर्वस्वी प्रतिकूल नाहीत. त्यामुळे येथील आढाव्यात हे तिन्ही पदार्थ शेजारी ठेवूनच पाहावे लागतात.

आरंभी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. खजुराचा पाक हा फळाचा असतो आणि तो अरबस्तान, इराक, इराण या प्रदेशांत वाढणाऱ्या लागवडीच्या खजुरापासून मिळतो. ‘खजुराचा गूळ’ म्हणून बाजारात येणारा, विशेषतः बंगालमधून प्रसिद्धी पावलेला पदार्थ फळाचा नसतो. तो त्याच कुळातील रानटी झाडाच्या, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला शिंदी म्हणतात त्या झाडाच्या, खोडाला छेद देऊन काढलेल्या रसाचा असतो. शिंदीच्या फळाला गर फार थोडा असतो, त्यामुळे त्यापासून पाक करण्याचा विचार सहसा केला जात नाही. आणि खजुराच्या लागवडीच्या झाडाचा रस काढला तर फळाचे नुकसान होते, म्हणून बागाईतदार त्या वाटेला सहसा जात नाही. एकाच कुळातील दोन झाडे आणि त्यांच्यापासून दोन सर्वस्वी भिन्न पदार्थ, असा हा प्रकार असूनही वेष्टनावरील मजकुरात हा भेद क्वचितच स्पष्ट केलेला आढळतो.

फळाच्या पाकाची परंपरा पश्चिम आशियात अतिशय जुनी आहे. अरबी भाषेत या पाकाला ‘दिब्स’ म्हणतात, आणि तो काढण्याच्या खास खोलीला ‘मदबसा’. या खोलीच्या जमिनीला समांतर पन्हळी पाडलेल्या असत. त्यांवर खजुराची पोती एकावर एक रचली जात आणि वरच्या पोत्यांच्या भाराने व हवेतील उष्म्याने खालच्या फळांतून पाझरणारा पाक पन्हळींतून वाहत एका कोपऱ्यात पुरलेल्या रांजणात जमा होई. बहरीनच्या प्राचीन किल्ल्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातील अशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत, आणि कतारमधील अल झुबारा या अठराव्या शतकात भरभराटलेल्या बंदराच्या अवशेषांतही त्या मोठ्या संख्येने आढळतात. या पद्धतीत चूल नाही आणि आटवणेही नाही, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. पाण्यात भिजवून आटवलेला आजचा कारखानदारी पाक आणि पोत्यांच्या भाराखाली पाझरलेला जुना पाक हे नावाने एक असले तरी कृतीने एक नाहीत, आणि परंपरेचा दाखला देणाऱ्या जाहिरातींनी हा फरक सोयीस्करपणे बाजूला ठेवलेला असतो.

महाराष्ट्राशी या प्रदेशाचा संबंध समुद्रमार्गे जुनाच आहे, परंतु तो पाकापेक्षा सुक्या फळाचा आहे. बसरा आणि मस्कत येथून खजूर मुंबई बंदरात उतरे आणि तेथून घाटमाथ्यावरील पेठांत जाई. ओमानमध्ये ‘मबसली’ नावाच्या जातीची अर्धी पिकलेली फळे मोठ्या भांड्यांत उकळून उन्हात वाळवण्याची पद्धत आहे, आणि हा माल पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने हिंदुस्थानच्या बाजारासाठी तयार होत आला. मराठी घरांतील खारकेचा मोठा वाटा या व्यापारातून आला. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांतील खारीकपूड, उपवासाचा खजूर, रमजानच्या महिन्यात रोजा सोडताना खाल्ला जाणारा खजूर, भेळेवरची चिंच-खजुराची चटणी अशा रूपांनी खजूर येथील आहारात पुरता रुळला, पण त्याचा पाक करून ठेवण्याची रीत पडली नाही. त्याचे कारण उघड आहे. पाक करण्याची गरज जेथे फळ मुबलक आणि ऊस दुर्मीळ तेथे निर्माण होते. येथे परिस्थिती नेमकी उलट होती.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत मात्र ऊस आणि खजूर एकत्र भेटतात. चरकसंहितेत श्रम दूर करणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण सांगितला आहे, त्यात द्राक्षे, डाळिंब, बोर यांच्या सोबत खर्जूर आणि इक्षू ही दोन्ही द्रव्ये येतात. तर शार्ङ्गधरसंहितेत खजूर, डाळिंब, द्राक्षे, चिंच, आवळा इत्यादी पाण्यात घुसळून तयार केलेल्या ‘खर्जूरादि मंथ’ या पेयाचे वर्णन आहे. उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची उतरंडही प्राचीन ग्रंथांत नीट लावलेली आहे: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोठारातील जिनसांमध्ये ही नावे याच क्रमाने येतात. यांतील फाणित म्हणजे आटवलेला पण न गोठलेला रस, अर्थात आजची काकवी. गुळाच्या आधीची पायरी म्हणून तिला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र गुणदोष देण्याइतकी ती पूर्वीपासून ओळखीची होती.

बारामती-इंदापूरचा ऊस मात्र प्राचीन नव्हे. तो कालव्याचा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या या तालुक्यांत वर्षाला साधारण साडेचारशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाच्या कामांतून नीरा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी सुरू झाले आणि त्याला आधार म्हणून येळवंडी नदीवर भाटघर येथे बांधलेले धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी काढलेल्या या कालव्यावर शेतकऱ्याने अल्पावधीतच ऊस उभा केला, कारण पाणीपट्टी भरूनही ज्यात चार पैसे उरतील असे दुसरे पीक त्याच्यासमोर नव्हते. उसाबरोबर ऊस पिकवण्याचे कसब असलेले सासवडकडील माळी बागाईतदारही कालव्याच्या काठाने खाली सरकले. साखर कारखाने येण्यापूर्वी या सगळ्या उसाचा गूळ होत असे, बारामती ही त्या गुळाची पेठ होती, आणि १९१४ मध्ये सुरू झालेल्या दौंड-बारामती या अरुंद मापाच्या लोहमार्गाने बारामतीचा माल मुख्य मार्गाशी जोडला.

याच काळात या भागाचा दुसरा, कमी सांगितला जाणारा इतिहासही घडत होता. खोल काळ्या जमिनीत वर्षभर पाणी दिल्याने भूजलाची पातळी वर आली, निचरा नसल्याने क्षार वर चढले आणि जमिनी चोपण होऊ लागल्या. चोपण म्हणजे ज्या जमिनीत सोडियमचे प्रमाण वाढून माती चिकट होते आणि पाणी मुरत नाही अशी जमीन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणजे कालवा सुरू होऊन पुरती पंचवीस वर्षे होतात न होतात तोच हा विषय सरकारी संशोधनाचा झाला होता. कालव्याच्या पाण्याचे वाटप ठरावीक गटांत आणि पीकपालटासह करण्याची जी ‘ब्लॉक पद्धत’ मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यासाठी सुचवली, तिच्यामागेही पाणी मर्यादित क्षेत्रात साचू नये हा एक हेतू होता. गोडीच्या आढाव्यात हा तपशील अवांतर वाटेल, पण तसा तो नाही. खारवट जमिनीतील आणि मचूळ विहिरीच्या पाण्यावरील उसाच्या रसात क्षारांचे प्रमाण वाढते, तो नीट स्वच्छ होत नाही, त्याचा गूळ काळसर, मऊ व खारट लागणारा होतो आणि पावसाळ्यात लवकर पाघळतो. काकवी तर गुळापेक्षाही उघडी पडते, कारण तिच्यात चव लपवण्यास वाव नसतो.

काकवी तयार होते ती गुऱ्हाळावर. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत घेतात, चुलाणात चिपाडांचा जाळ करतात, आणि रस तापू लागला की भेंडीच्या झाडाची ठेचलेली खोडे पाण्यात चोळून निघालेला चिकट द्राव त्यात सोडतात. या द्रावात रसातील गढूळ द्रव्ये अडकून फेसासह वर येतात, तीच गुऱ्हाळावरची मळी, आणि ती वेळेवर झाऱ्याने काढणे हे गुळव्याचे, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या मुख्य कारागिराचे, पहिले कौशल्य होय. आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळी वापरतात. गुळासाठी रस सुमारे ११८ अंश सेल्सियसपर्यंत शिजवून वाफ्यात ओततात. काकवीसाठी मात्र १०५ ते १०६ अंशांवर काहील उतरवावी लागते. या बारा-तेरा अंशांतच सारा खेळ आहे. लवकर उतरवली तर पाणी जास्त राहून काकवी आंबते, उशीर झाला तर बाटलीत साखरेचे खडे धरतात. खडे धरू नयेत म्हणून किलोला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी सायट्रिक आम्ल घालण्याची शिफारस केली जाते, कारण आम्लामुळे उसातील मुख्य साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांत विभागला जातो आणि असे मिश्रण गोठण्यास नाखूश असते. त्यानंतर काकवी काही दिवस टाकीत स्थिर ठेवून वरचा स्वच्छ भाग बाटल्यांत भरतात. परिसरातील घरांत ती तुपाबरोबर, भाकरी-चपातीशी किंवा दशमीसोबत खाल्ली जाते.

येथे साखर कारखान्याच्या मळीशी काकवीची गल्लत होऊ देता कामा नये. कारखान्यात रसातून साखरेचे दाणे पुनःपुन्हा काढून घेतल्यावर जो काळा, कडवट द्रव उरतो तो मद्यार्क आणि इथेनॉलकडे जातो; काकवीतून मात्र साखर काढून घेतलेली नसते. हा फरक सांगावा लागतो, कारण या दोन तालुक्यांत कारखान्याचे चित्रच गेली नव्वद वर्षे डोळ्यांपुढे आहे. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाचा कारखाना आणि वालचंदनगर हे गाव उभे राहिले; स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे आणि पुढे इंदापूरच्या पूर्व भागात सहकारी कारखाने आले. उसाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले आणि गुऱ्हाळे मागे हटली. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावच्या आसपास ती टिकून राहिली, परंतु तेथील उद्योगाचे स्वरूप घरगुती राहिले नाही. अनेक गुऱ्हाळे उत्तर प्रदेशातील कारागीर चालवतात.

गुऱ्हाळांच्या प्रतिष्ठेला सर्वांत मोठा धक्का मात्र कारखान्याने नव्हे, ग्राहकाच्या डोळ्याने दिला. गूळ पिवळाधमक असावा या आग्रहापायी रसात ‘हायड्रॉस’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकण्याची सवय लागली. या रसायनाने रंग तात्पुरता उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात राहतो आणि साठवणीत रंग पुन्हा काळवंडतो. साखर स्वस्त असते त्या काळात गुळात साखर मिसळण्याचे प्रकारही राज्यात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. अशा गुळाला ‘नैसर्गिक’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. काकवी या बाबतीत काहीशी सुदैवी ठरली, कारण तिच्याकडून कोणी पिवळेपणाची अपेक्षा केली नाही.

शिंदीचा रस हा या परिसरातील पातळ गोडीचा दुसरा प्रवाह. ओढ्याकाठी, नीरा, कऱ्हा आणि भीमा यांच्या खोऱ्यांत शिंदीची झाडे आपोआप वाढतात. त्यांच्या पानांच्या केरसुण्या होतात, आणि खोडाच्या वरच्या भागाला छेद देऊन रात्रभरात मडक्यात जमणारा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरवला की त्याला नीरा म्हणतात. मडक्याला आतून चुना लावला नाही किंवा उतरवण्यास उशीर झाला, तर काही तासांत तो आंबून मादक होतो. गोड रस आणि दारू यांच्यातील हे अंतर इतके थोडे असल्यामुळेच त्याचा इतिहास उद्योगाचा कमी आणि कायद्याचा अधिक आहे. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यानंतर महात्मा गांधींच्या प्रोत्साहनाने ताडगुळाचा, म्हणजे ताड-शिंदीच्या रसापासून केलेल्या गुळाचा, प्रचार सुरू झाला आणि गजानन नाईक यांनी तो आपले जीवितकार्य मानले. उसाच्या पिकाला सुपीक जमीन आणि पाणी द्यावे लागते, शिंदी मात्र पडीक जमिनीत न लावता वाढते, आणि दारूबंदीमुळे ज्या रस काढणाऱ्यांचे काम जाईल त्यांना पर्यायी धंदा मिळेल, असा त्यामागील विचार होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरेचे उत्पादन व विक्री परवान्याच्या चौकटीत आणली. आज पुणे जिल्ह्यात नीरा विक्रीची केंद्रे दिसतात, परंतु शिंदीचा गूळ किंवा पाक दुकानांत जवळजवळ मिळत नाही. पातळ, लवकर बिघडणारा रस थंड करून पेय म्हणून विकणे आटवण्यापेक्षा सोपे आहे. आटवण्यास सरपण लागते आणि रसातील बहुतांश भाग पाणीच असते. ताडगुळाचा विचार आर्थिक गणितात हरला, मात्र पाण्याच्या गणितात तो हरलेला नाही, ही बाब अवर्षणप्रवण तालुक्यांनी विसरू नये.

राहिला खजूर. उतिसंवर्धित रोपे, म्हणजे निवडक झाडाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे, उपलब्ध झाल्यापासून महाराष्ट्रातील कमी पावसाच्या तालुक्यांत काही शेतकऱ्यांनी खजुराच्या बागा लावल्या आहेत. बियांपासून लावलेल्या झाडांत नर-मादी साधारण निम्मी-निम्मी निघतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत, म्हणून उतिसंवर्धनाला महत्त्व; परागीकरण तर हातानेच करावे लागते. क्षारसहनशीलतेच्या कसोटीवर हे झाड उसाच्या पुष्कळ पुढे आहे. मातीतील क्षारता तिच्या अर्काच्या विद्युतवाहकतेवरून डेसिसीमेन प्रतिमीटर या एककात मोजतात. उसाचे उत्पादन १.७ नंतर घटू लागते, खजुराचे ४ नंतर. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेसारखी, अवर्षण व क्षारता अशा ताणांचाच अभ्यास करणारी केंद्रीय संस्था बारामती तालुक्यातच आहे, ही जमेची बाजू.

अडचण पावसाची आहे. खजुराला मुळाशी पाणी आणि माथ्यावर कोरडे, कडक ऊन हवे असते, आणि येथे फळ पिकण्याच्या सुमारास नेमकी आर्द्रता वाढते. फळ झाडावर पूर्ण मऊ होऊन सुकेपर्यंत थांबले तर ते फुटते, आंबते, सडते. गुजरातमधील कच्छच्या बागाईतदारांपुढे हीच अडचण आहे, आणि त्यांनी ती फळ पिवळे किंवा लाल पण टणक असतानाच तोडून ताजे विकण्याने सोडवली आहे. दख्खनच्या पठारावर त्यामुळेच बरहीसारख्या, टणक अवस्थेतही तुरट न लागणाऱ्या जातीकडे ओढा आहे. ताजे बरही विकल्यास मिळणारा दर पाकासाठी फळ दिल्यास मिळणाऱ्या दरापेक्षा निश्चितच चांगला असतो, तेव्हा पाकाकडे फुटके, डागाळलेले फळच येणार; आणि पाकाचा धंदा करणाऱ्याला इराकमधून येणारा झाहिदी जातीचा खजूर वर्षभर, स्वस्तात आणि पूर्ण पिकलेला मिळतो. स्थानिक फळावर आधारलेल्या पाकाची कल्पना येथे अडते.

आरोग्याच्या दाव्यांविषयी थोडक्यात सांगता येते. खजुराच्या पाकातील साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते, काकवीत सुक्रोजचा वाटा मोठा असतो. दोन्हींत पोटॅशियमसारखी खनिजे साखरेपेक्षा जास्त असतात, आणि गुळातील लोहाचा काही अंश तर लोखंडी काहिलीचाच असतो. परंतु अख्ख्या खजुराचा मोठा गुण त्यातील तंतूंचा असतो, आणि पाक गाळताना तो चोथ्याबरोबर बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मध, पाक आणि फळांचे आटवलेले रस यांतील साखर ‘मुक्त साखर’ या एकाच गटात धरली असून एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत, ती ठेवण्यास सांगितले आहे. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या प्रौढासाठी ही वरची मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते. मधुमेही व्यक्तीला साखरेऐवजी खजुराचा पाक किंवा काकवी मोकळ्या हाताने घेण्याचा सल्ला देणे हे अज्ञान आहे, मग तो सल्ला कितीही जुन्या परंपरेच्या नावाने दिलेला असो.

तेव्हा बारामती-इंदापूरपुरता निष्कर्ष असा निघतो की आरोग्याच्या निकषावर या पदार्थांत निवड करण्यासारखे फारसे नाही; निवड होते ती जमीन, पाणी आणि प्रामाणिक कृती यांच्या निकषांवर. खजुराचे झाड चोपण होऊ लागलेल्या जमिनीत निचऱ्याची सोय करून, ताज्या फळासाठी, लावण्यासारखे आहे, पाकासाठी नव्हे. काकवीला मात्र कच्चा माल दाराशी आहे, कारागिरी अद्याप पुरती लोपलेली नाही आणि यंत्रसामग्री साधी आहे. तिच्या उत्पादकांनी निचऱ्याच्या जमिनीतील पक्व ऊस वेगळा ठेवावा, भेंडीचे पाणी सोडू नये, हायड्रॉसला हात लावू नये, आणि बाटलीवर उसाची जात, गाव व काहील उतरवल्याची तारीख छापावी.